सेंट पॉल बेटावरचा धोबी

आमचे हे, म्हणजे गुरुनाथ पेठे, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये एकतीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकची किरकिर ऐकत होते. थट्टा नाही करत, नोकरीच ती होती. नव्या मॉडेलच्या गाडीत बसायचं, ब्रेक दाबायचा आणि ‘कुंई’ असा आवाज नेमका कुठून येतो ते शोधून रिपोर्ट लिहायचा. दिवसभर गाड्यांचं रडगाणं ऐकून घरी आलेल्या माणसाला बायकोचं ऐकू येत नाही, हे मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ओळखलं.

पक्ष्यांचं वेड लागलं तेही कंपनीच्या पार्किंग लॉटमध्ये. एक लालभडक कार्डिनल ह्यांच्या गाडीच्या आरशातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत होता. दुसरा कोणी असता तर हसून पुढे गेला असता. ह्यांनी घड्याळ लावलं. घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता मला सांगतात, “सुमित्रा, एकवीस मिनिटं भांडला! आणि समोर ऐकणारं कोणीच नाही!” मी म्हटलं, “मला सवय आहे त्याची.” ह्यांना टोमणा कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुर्बीण आली.

तेव्हापासून यादी सुरू झाली. अमेरिकेत पाहिलेले पक्षी, तारीख, वेळ, जागा. आणि यादीचा एक नियम, तो ह्यांनी स्वतःच केलेला. स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिला तरच लिहायचा. नुसता आवाज ऐकला, तर नाही. दुसऱ्याने बोट दाखवलं आणि आपल्याला फांदी हललेली दिसली, तरी नाही. ह्या नियमापायी एका घुबडासाठी आम्ही तीन हिवाळे मिनेसोटाला गेलो आहोत. पहिल्या वर्षी मी हौसेने गेले, दुसऱ्या वर्षी रागाने आणि तिसऱ्या वर्षी ते घुबड मीच शोधून दिलं, कारण मला घरी यायचं होतं.

रिटायर झाले तेव्हा यादीत पाचशे नव्याण्णव पक्षी होते. आणि नेमकं तेव्हा डोळ्यांनी दगा दिला. डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग आधीच गेला होता, आता उजव्यातही तेच सुरू झालं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. मी बाहेर बसून देवाचं नाव घेते आणि हे आतून येऊन विचारतात, “पार्किंग लॉटमध्ये काही दिसलं का?” डॉक्टरांनी एप्रिलमध्ये सांगितलं, बघून घ्यायचं असेल ते यंदा बघून घ्या. हे घरी आले, कॉम्प्युटरच्या स्क्रीनला नाक लावून बसले आणि तासाभराने म्हणाले, “आपण सेंट पॉलला चाललोय.”

मला वाटलं मिनेसोटातलं. पुन्हा घुबड! पण हे सेंट पॉल म्हणजे अलास्काच्याही पलीकडे बेरिंगच्या समुद्रात ज्वालामुखीतून वर आलेलं एक बेट. वस्ती चारेकशे माणसांची. एक चर्च, एक दुकान आणि बाकी सगळीकडे धुकं. वाऱ्याने वाट चुकलेले आशियातले पक्षी तिथे येऊन पडतात, म्हणून अमेरिकेतले पक्षीवेडे तिथे जातात. मी म्हटलं, “अहो, आशियातलाच पक्षी बघायचा तर माझ्या माहेरी वाईला जाऊ या की. येताना पापड तरी आणता येतील.” तर म्हणाले, “वाईत पाहिलेला अमेरिकेच्या यादीत चालत नाही.” ह्या माणसाशी वाद घालून काही उपयोग नाही.

धुक्याने आम्हाला अलास्कातल्या अँकरेजला दोन दिवस अडकवलं आणि चार दिवसांतले दोन तिथेच गेले. तिसरा दिवस बेटावर उतरून चिखलात पडण्यात गेला. म्हणजे पडले हे. पँट कमरेपर्यंत काळी. राहिला एकच दिवस, त्याचीच ही गोष्ट.

सकाळी आठला व्हॅन निघाली. आम्ही सहाजण आणि ब्रुक नावाची गाईड. पोरगी सव्वीस वर्षांची, पण पक्ष्याचं नुसतं ढुंगण उडताना दिसलं तरी नाव सांगणारी. सहाजणांत टेक्सासचा डेल होता. सत्तरीचा, सहा फूट, कॅमेऱ्याची लेन्स दुधाच्या कॅनएवढी. त्याच्या यादीत सातशेच्या वर पक्षी, आणि हे तो ‘गुड मॉर्निंग’च्या आधी सांगतो. ह्यांनी ग्रुपमध्ये डोळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मलाही शपथ घातली होती.

व्हॅन सुरू होताच ब्रुकने बातमी दिली. काल संध्याकाळी बंदराजवळ कोणाला तरी ग्रे वॅगटेल ओझरता दिसला होता. डेलने छातीवर हात ठेवला. ह्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. “सुमित्रा,” कानात म्हणाले, “हाच सहाशेवा.” मला पक्ष्यांची इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत. पण पाच म्हातारी माणसं श्वास रोखतात त्या अर्थी गरुडाएवढा तरी असणार, आणि ग्रे म्हणजे राखाडी, एवढं मी मनाशी धरलं.

बंदराजवळ खेकडे पकडायच्या लोखंडी पिंजऱ्यांच्या उंचच उंच राशी रचलेल्या असतात. बेटावर झाड म्हणून नाही, त्यामुळे दमलेले पक्षी त्या पिंजऱ्यांत आसरा घेतात. सगळे वाकून वाकून पिंजऱ्यात बघायला लागले. मी दहा मिनिटं बघितलं. पण त्या गारठ्यात दोन कप चहा पोटात, आणि झाड म्हणून नाही, ह्या वाक्याचा खरा अर्थ मला तेव्हा कळला. बाई माणसाने जायचं कुठे? शेवटी रस्त्यापलीकडे लाल खडीची एक जुनी खाण दिसली. भिंतीसारखा कडा, आत डबकं, आडोसा चांगला. “जाऊन येते,” असं सांगून मी गेले.

उठून जॅकेट नीट करतेय तर समोर डबक्याच्या काठावरच्या दगडावर धोबी! आपला धोबी हो! पोटाला पिवळा, लांब शेपूट, आणि ती सारखी वर-खाली, वर-खाली. वाईला कृष्णेच्या घाटावर दिवाळी झाली की हे यायचे. बायका जिथे कपडे आपटायच्या तिथेच दगडावर बसून शेपूट आपटायचे, म्हणून धोबी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ह्या ओसाड बेटावर कोणीतरी माहेरचं भेटलं. मी त्याला म्हटलंसुद्धा, “काय रे, तू इकडे कुठे?” त्याने शेपूट हलवली.

परत आले. हे एका पिंजऱ्यात डोकं घालून होते. मी म्हटलं, “अहो, तिकडे मागे धोबी आहे.”

“काय?”

“धोबी! खाणीच्या मागे. चला, दाखवते.”

ह्यांनी डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर सगळा ब्रेक-इंजिनियरचा वैताग. “सुमित्रा, माझा सहाशेवा पक्षी कुठल्याही क्षणी दिसेल, आणि तू माझ्या पँटचं काय घेऊन बसलीस? हॉटेलात मशीन आहे ना!”

आता दादरला वाढलेल्या ह्या माणसाने पक्षी ओळखायला सुरुवात केली मिशिगनमध्ये, तीही इंग्रजी पुस्तकातून. कावळा, चिमणी आणि कबुतर सोडून चौथ्या पक्ष्याचं मराठी नाव ह्यांना येत नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण चार लोकांत बायकोवर खेकसल्यावर काय सुचणार? मी म्हटलं, राहिलं. धोबी बघायला मिळाला तर मला मिळाला, तुमचा गरुड तुम्ही शोधा. आणि व्हॅनमध्ये जाऊन दशम्यांचा डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी बाहेर ठेवली होती, ती एका काळपट कोल्ह्याने डबीसकट पळवली आणि वीस पावलांवर टाकून दिली. हे म्हणाले, “बघ, कोल्ह्यालासुद्धा झेपत नाही.” त्यावर मी दोन तास बोलले नाही.

वॅगटेल काही सापडला नाही. मग ब्रुकने आम्हाला सीलच्या किनाऱ्यावर नेलं. काळ्या खडकांवर मोठमोठे नर येऊन बसले होते. माद्या अजून यायच्यात, तोवर हे न खाता न पिता फक्त जागा अडवून बसणार आणि शेजारच्यावर डरकाळ्या फोडणार. आमच्या महाराष्ट्र मंडळाची कार्यकारिणी आठवली. हे कठड्यापाशी उभे राहून अगदी भारावून म्हणाले, “काय रुबाब आहे बघ त्याचा! जराही हलत नाही.”

हलणार कसा? तो दगड होता. सील त्याच्या उजव्या हाताला लोळत होता.

माझा राग तिथेच विरघळला. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, “अहो, दगड आहे तो. किती दिवसांपासून?” ह्यांनी चष्मा पुसला, जणू सगळा दोष काचेचाच. मग म्हणाले, “मार्चपासून. सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस.” खरंच नसतं येऊ दिलं. म्हणजे हा माणूस सबंध प्रवास ब्रुक जे बोलेल ते ऐकून मान डोलवत होता.

पुढच्या कड्यावर पफिन होते. नारिंगी चोचीचे, जाडजूड, कोणीतरी घाईत रंगवल्यासारखे, हाताच्या अंतरावर. सगळे ‘ओह’ आणि ‘आह’ करत होते. हे समुद्राकडे तोंड करून उभे होते. मी बाही ओढली, “अहो, इकडे!”

“इकडे बघितलं की दिसत नाहीत,” हे म्हणाले. “जिथे बघतो तिथेच डाग येतो. समुद्राकडे बघितलं की कडेला दिसतात, दोन आहेत, एक चोच घासतोय.” आणि खरंच एक चोच घासत होता. मला हसावं की रडावं ते कळेना. एकतीस वर्षं बारीक आवाज शोधणाऱ्या माणसाने ह्यातही आपली पद्धत बसवली होती. “पण यादीत नाही चालणार असं,” ते लगेच म्हणाले. “नीट पाहिला असं नाही म्हणता येणार.” इथेही नियम!

चार वाजता धुकं खाली यायला लागलं. ब्रुक म्हणाली, सकाळचं विमान येईल न येईल, पण आलं तर आपल्याला जावंच लागेल, वॅगटेल बहुतेक निघून गेला. डेलने लेन्सला टोपण लावलं. हे व्हॅनच्या पायरीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मला एवढं वाईट वाटलं की मी उरलेली दशमी ब्रुकला देऊन टाकली. पोरीने दशमी खाता खाता फोनवर एक फोटो उघडून माझ्यापुढे धरला. “मिसेस पेठे, तुम्ही पाहिलाच नसेल, हा तो ग्रे वॅगटेल.”

मी बघितलं. आणि ओरडलेच. “अय्या! हा तर धोबी!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांच्याकडे वळले. “सकाळी सांगत होते की नाही! धोबी आहे, धोबी आहे!”

हे ताडकन उठले. “हा धोबी?”

“मग कोण?”

“अगं, तू धोबी म्हणालीस!”

“मग काय म्हणू? त्याला धोबीच म्हणतात! आणि हा ग्रे कसा काय? चांगला पिवळाधम्मक आहे. नाव ठेवणाऱ्याचेच डोळे तपासा आधी!”

डेल विचारत होता, काय झालं, काय झालं? ह्यांनी मोठ्या कष्टाने इंग्रजीत सांगितलं की माझ्या पत्नीने पक्षी सकाळी साडेनऊला पाहिला, मला कळवलं आणि मला वाटलं ती लाँड्रीबद्दल बोलतेय. डेलने टोपी काढून डोकं खाजवलं. ब्रुकच्या तोंडातला घास तसाच राहिला. “मिसेस पेठे, कुठे? नेमकं कुठे?”

आता आली का पंचाईत! मी नुसतं ‘खाणीपाशी’ म्हटलं. ब्रुक म्हणाली, खाण मोठी आहे, कुठल्या बाजूला? तुम्ही कशासाठी गेला होतात तिथे? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे समजले आणि ह्या अशा वेळीसुद्धा ह्यांना हसू आलं. शेवटी काय, साठ वर्षांची बाई पुढे आणि तीन तिपाया, सहा दुर्बिणी आणि एक दुधाचा कॅन मागे, अशी वरात माझ्या त्या जागेकडे निघाली. कड्यापाशी ब्रुकने सगळ्यांना खुणेने थांबवलं आणि कुजबुजली, “पावलं जपून टाका.” मी म्हटलं, “हो, जपूनच टाका.”

धोबी होता. त्याच डबक्यावर, त्याच दगडावर, शेपूट वर-खाली. डेलचा कॅमेरा खडखडायला लागला. एक बाई चक्क रडली. ब्रुक मागे वळून पुटपुटली, “गुरू, सिक्स हंड्रेड!” सगळ्यांना तो आकडा माहीत होता, ह्यांनीच सांगितलेला. सगळे हसऱ्या चेहऱ्याने ह्यांच्याकडे बघत होते.

ह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग खाली घेतली. नुसती मान डोलवली असती तर काम झालं असतं, कोणाला कळलं असतं? मी मनात म्हणत होते, डोलवा हो, आज एक दिवस डोलवा. पण हे म्हणाले, “नॉट येट.” आणि मग, सगळ्यांसमोर, शांतपणे, “माझे डोळे गेलेत. मधलं काही दिसत नाही.”

डेलचा कॅमेरा थांबला. मला राग आला, त्या डोळ्यांचा, त्या नियमाचा आणि त्या धोब्याचासुद्धा, की बाबा रे, एवढा लांब आलास, आता जरा मोठा तरी हो! मग मला कड्यावरचे पफिन आठवले. मी हळूहळू पुढे गेले, एकेक पाऊल टाकत, आणि त्या दगडापासून सात-आठ हात डावीकडे जाऊन उभी राहिले. धोब्याने माझ्याकडे बघितलं. सकाळची ओळख असल्यामुळे उडाला नाही.

“आता माझ्याकडे बघा,” मी हळू आवाजात म्हटलं. “त्याच्याकडे नाही. माझ्या तोंडाकडे. नजर हलवायची नाही.”

“आणि नीट दिसला तरच,” हे म्हणाले.

“हो हो, नीट दिसला तरच! बघा आधी!”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग ह्यांचा चेहरा बदलला.

“शेपूट,” हे म्हणाले. “वर-खाली होतेय. अंगापेक्षा लांब.”

“पुढे?”

“पोट पिवळं. पाठ राखाडी.” मग जरा थांबून म्हणाले, “गळ्याखाली काळं आहे. आता डबक्यात उतरला. तीन पावलं. किडा धरला.” नोकरीत रिपोर्ट सांगायचे तोच आवाज, आणि तसंच इंग्रजीत. ब्रुकने सगळं लिहून घेतलं आणि मान हलवली. गळ्याखालचं ते काळं मला स्वतःला दिसलं नव्हतं. “मोजतो,” हे म्हणाले. “हा मोजतो मी.”

डेलने येऊन ह्यांना मिठी मारली, लेन्ससकट. सगळ्यांनी हळू टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांना धोबी बिचकला, ‘चिसिक चिसिक’ करत धुक्यात निघून गेला. लोक व्हॅनकडे वळले. हे मात्र तसेच उभे, माझ्याकडे टक लावून.

“उडाला तो,” मी म्हटलं.

“माहिती आहे.”

“मग काय बघताय?”

“तुझा चेहरा शोधतोय,” हे म्हणाले. “जॅकेट दिसतंय, बूट दिसतायत. वरचं सापडेना.”

मी तशीच निघाले. डबक्यात पाय घातला, घोट्यापर्यंत चिखल, बूट आतून गार. त्या दगडापाशी गेले आणि जिथे धोबी बसला होता तिथे उभी राहिले.

हे नजर न हलवता आधीच्याच रिकाम्या जागेकडे बघत होते.

“हां,” म्हणाले. “दिसलीस.”